पट्ट्या नव्या, पडदा काळाच

“भाऊ, पट्ट्या बदलल्या, पैसे दिले, टीव्ही घरी नेला. आवाज येतो, पण चित्र काही येत नाही.” जळगावात गोलाणी मार्केटच्या आसपास असो की धुळ्यात आग्रा रोडच्या बोळात, टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलासमोर हे वाक्य हमखास ऐकू येते. ग्राहकाला वाटते, जुनीच पट्टी पुसूनबिसून बसवली. कारागिराला वाटते, नेताना कुठेतरी आपटला. दोघांपैकी कोणाचेही खरे असू शकते, किंवा दोघांचेही नसू शकते. भांडणाला तोंड फुटण्याआधी एकच गोष्ट ठरवायची असते आणि त्यासाठी पेचकसही लागत नाही. पडद्यामागे उजेड आहे की नाही?

घरोघरचा ‘एलईडी टीव्ही’ हा मुळात एलसीडी टीव्ही असतो. समोरची काच स्वतः उजळत नाही. मागून येणारा उजेड ती ठिकठिकाणी अडवते किंवा सोडते आणि त्यातून चित्र उमटते. हा मागचा उजेड म्हणजे बॅकलाइट. बहुतेक टीव्हींत तो पत्र्याच्या तबकात बसवलेल्या लांब पट्ट्यांवरून येतो. पट्टीवर ओळीने पांढरे एलईडी आणि प्रत्येकावर बटणाएवढी पारदर्शक टोपी, म्हणजे भिंग. हे एलईडी खरे तर निळे असतात. वरच्या पिवळ्या फॉस्फरमुळे त्यांचा उजेड पांढरा दिसतो. तेजस्वी निळा एलईडी घडवल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. फॉस्फर करपू लागला की चित्रावर जांभळट-निळसर झाक चढते. बॅकलाइट थकल्याची ती आगाऊ सूचना असते, पण ‘रंग जरा वेगळाच दिसतो’ एवढ्यावर घरोघरी ती सोडून दिली जाते.

पट्टीवरचे एलईडी दिवाळीच्या जुन्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एक उडाला की ओळच विझते. एलईडीचा खरा वैरी उष्णता, आणि ती खानदेशाला कोणी उसनी द्यायला नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या छताखाली, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला चिकटवून टीव्ही टांगलेला असतो, आणि दुकानात लख्ख दिसावा म्हणून शंभरावर ठेवलेली बॅकलाइट घरी आल्यावरही शंभरावरच राहते. अशा टीव्हीच्या पट्ट्या लवकर जातात, यात नवल नाही. नवल वाटते ते पट्ट्या बदलूनही पडदा काळा राहतो तेव्हा.

पडद्यामागे उजेड आहे की नाही, हे ठरवणारी टॉर्चची परीक्षा अशी करावी. रात्र होऊ द्यावी, किंवा दारे-खिडक्या लावून खोलीत अंधार करावा. टीव्ही सुरू करून रिमोटने त्याचा स्वतःचा मेनू उघडावा. मेनूच का, तर तो टीव्हीच्या आतूनच येतो. सेट-टॉप बॉक्स, एचडीएमआय केबल, डिश यांपैकी कशावरही तो अवलंबून नसतो, आणि त्याची अक्षरे ठळक असतात. मग मोबाइलची टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरकी धरून सावकाश फिरवावी, आणि नजरेचा कोनही बदलत राहावा. अक्षरे पुसट का होईना दिसली, तर काच, तिचा बोर्ड आणि मदरबोर्ड आपले काम करताहेत; उजेडाचाच पत्ता नाही. अक्षरे दिसलीच नाहीत तर टीव्हीच्या पाठीमागच्या जाळीतून आत डोकावावे. तिथून पांढरा उजेड झिरपत असेल, तर पट्ट्या पेटल्या आहेत आणि चित्रच तयार होत नाही.

इथे भलेभले फसतात. बॅकलाइट पेटली म्हणजे पडदा निदान पांढरा तरी दिसायला हवा, असा समज असतो. पण आजच्या टीव्हींतली व्हीए किंवा आयपीएस जातीची काच विजेचा इशारा मिळाल्याशिवाय उजेड सोडतच नाही. तिला काहीच इशारा मिळाला नाही तर मागे पट्ट्या लखलखत असूनही पुढे पडदा काळा राहतो. अंधारात नीट पाहिले तर तो काळा नसून किंचित राखाडी असल्याचे लक्षात येते. हा राखाडीपणा ओळखता आला नाही म्हणून चांगल्या पट्ट्या दुसऱ्यांदा बदलल्या जातात, आणि त्या नादात पॅनेल दुसऱ्यांदा उघडले जाते.

दोन साध्या शक्यता मात्र आधीच निकालात काढाव्यात. काही टीव्हींमध्ये वीजबचतीच्या मेनूत ‘पिक्चर ऑफ’ नावाची सोय असते, ती चालू झाली की गाणी ऐकू येतात आणि पडदा बंद राहतो. रिमोटचे आवाजाचे सोडून दुसरे बटण दाबले की तो बहुधा परत येतो. आणि आवाजही नाही, नुसताच लाल दिवा, अशी स्थिती असेल तर तो मामला वीजपुरवठ्याचा किंवा मदरबोर्डचा आहे.

समजा, टॉर्चखाली अक्षरे दिसली. उजेडच नाही. दुरुस्तीनंतर लगेच असे झाले तर संशय हात लागलेल्या जागांवरच घ्यावा. पट्ट्यांकडून येणारा छोटा कनेक्टर पॉवर बोर्डवर बसवायचा राहून गेला, ही सगळ्यात स्वस्त चूक. त्याखालोखाल पट्टीची उलटी जोडणी. एलईडीला अधिक-उणे असते, वायर उलट लागली की ओळ पेटत नाही. पट्टी ॲल्युमिनियमची आणि तबक पत्र्याचे, त्यामुळे डागाचा (सोल्डरचा) एखादा थेंब जास्त ओघळून पत्र्याला टेकला तरी शॉर्ट होतो.

टीव्ही लावल्यावर दोन-तीन सेकंद लख्ख उजेड येतो आणि गपकन विझतो, आवाज मात्र चालूच, ही तक्रार वेगळी आणि फार बोलकी आहे. पट्ट्यांना वीज पुरवणारे सर्किट म्हणजे ड्रायव्हर. ते ठरावीक करंट राखण्यासाठी लागेल तसे व्होल्टेज वाढवते, आणि गणित जुळले नाही की स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. गणित बिघडते ते बहुधा चुकीच्या पट्टीमुळे. बाजारात ३ व्होल्टच्या एलईडीच्या आणि ६ व्होल्टच्या एलईडीच्या पट्ट्या दिसायला जवळजवळ सारख्याच असतात. दहा एलईडीची पहिली पट्टी साधारण ३० व्होल्ट मागते, दुसरी ६०. लांबी बरोबर, भोके बरोबर, भिंगेही तशीच, म्हणून ती बसते. पेटत मात्र नाही, किंवा पेटून विझते. नावाजलेल्या कंपनीच्या टीव्हीत पट्टीवर क्रमांक छापलेला असतो, तोच मागवता येतो. दिल्लीकडून जुळणी होऊन येणाऱ्या स्वस्त टीव्हींत मात्र एकाच नावाखाली वेगवेगळी पॅनेले निघतात, त्यामुळे तिथे जुनी पट्टी हातात घेऊन मापे आणि व्होल्ट जुळवणे हाच खात्रीचा मार्ग.

जुन्या आणि नव्या पट्ट्यांची सरमिसळ हे दुसरे कारण. ‘एकच पट्टी गेली होती, तेवढीच बदलली’ हे ऐकायला काटकसरीचे वाटते, पण बाकीच्या पट्ट्यांनीही तेवढीच वर्षे, तेवढीच उष्णता सोसलेली असते. त्याहून वाईट सवय म्हणजे उडालेल्या एलईडीवर तार टाकून त्याला वळसा घालणे. शंभरभर रुपयांत टीव्ही पेटतो, पण त्या जागी काळपट डाग राहतो, आणि एकाहून जास्त ओळी सांभाळणारा ड्रायव्हर ओळींमधला फरक ओळखून थोड्याच वेळात बंद पडू शकतो. पॅनेल उघडण्याची जोखीम एकदा घेतलीच आहे, तर सगळ्या पट्ट्या एकदम बदलाव्यात. इथे वाचवलेले पैसे पुढच्या उन्हाळ्यात दुप्पट जातात.

आणि कधी कधी पट्ट्यांचा दोषच नसतो. मदरबोर्डकडून पॉवर बोर्डला ‘बॅकलाइट लाव’ असा एक इशारा जातो, साधारण ३ ते ५ व्होल्टचा. बोर्डवर त्या पिनेशेजारी बहुधा ‘बीएल-ऑन’ असे छापलेले असते. तो इशाराच येत नसेल तर कितीही पट्ट्या बदला, अंधार तो अंधारच. म्हणून अनुभवी कारागीर पॅनेल उघडण्याआधी बॅकलाइट टेस्टरच्या दोन सुया बाहेरच्या कनेक्टरला लावतो. टेस्टरवर पट्ट्या पेटल्या तर पॅनेलला हातही लावायचा नाही. ग्राहकानेही टीव्ही टाकतानाच विचारावे, “दादा, टेस्टर लावून पाहिला का?” या प्रश्नाने कोणाचा अपमान होत नाही.

आता अवघड बाजू. पाठीमागच्या जाळीतून उजेड दिसतो, टॉर्चखाली काहीच नाही. बॅकलाइटच्या दुरुस्तीआधी टॉर्चखाली चित्र दिसत होते आणि आता दिसत नाही, तर बिघाड त्या दुरुस्तीतच झाला असण्याची शक्यता दाट. कारण सरळ आहे. पट्ट्यांपर्यंत पोहोचायला चित्राची काच उचलून बाजूला ठेवावी लागते. ही काच म्हणजे काचेचे दोन अगदी पातळ थर, मध्ये द्रव स्फटिक. तिच्या कडेला अतिशय बारीक, लवचिक फिती चिकटवलेल्या असतात. या फितींवरच चिप असते, म्हणून त्यांना ‘सीओएफ’ (चिप ऑन फिल्म) म्हणतात. काचेशी त्यांचा जोड डागाचा नसतो. उष्णता आणि दाबाने चिकटवलेला असतो, आणि सोल्डरिंगच्या बंदुकीने तो परत लागत नाही. काच उचलताना एक कोपरा आधी वर आला, बोट फितीला टेकले, किंवा खालच्या लांबट बोर्डाचा एक स्क्रू काढायचा राहिला आणि काच ओढली, की फीत फाटते. एक फीत दुखावली तर उभा पट्टा किंवा उभ्या रेघा येतात. शॉर्ट झाली तर सगळे चित्रच जाते.

पण इतक्यातच ‘पॅनेल गेले’ म्हणून हात टेकू नयेत. मदरबोर्डकडून चित्र ज्या केबलने येते तिला एलव्हीडीएस म्हणतात. ती टी-कॉन नावाच्या छोट्या बोर्डला जाते आणि तिथून एक-दोन रुंद, चपट्या फ्लॅट केबलने काचेच्या कडेच्या बोर्डाकडे. अनेक मध्यम आणि लहान टीव्हींत टी-कॉन वेगळा नसतो, मदरबोर्डमध्ये किंवा काचेच्या बोर्डमध्येच सामावलेला असतो. दुरुस्तीत या सगळ्या केबली सुटतात आणि परत बसतात. फ्लॅट केबलच्या टोकाशी जी पांढरी किंवा निळी पट्टी असते, ती सॉकेटच्या काठाला अगदी समांतर दिसायला हवी. केसभर तिरकी असली तरी एका पिनेवरची वीज शेजारच्या पिनेत जाते. एलव्हीडीएसमध्ये काही पिना १२ व्होल्टच्या आणि बाकीच्या नाजूक सिग्नलच्या असतात. ती तिरकी लागून टीव्ही सुरू केला तर एका क्षणात मदरबोर्ड किंवा टी-कॉन जाऊ शकतो. म्हणून यांतली कुठलीही केबल प्लग काढल्याशिवाय काढू नये, लावू नये. ‘जरा हलवून बघू’ हा प्रयोग चालू टीव्हीवर करणारे हात पाहिले की अंगावर काटा येतो.

कारागिराचा तपास मग या क्रमाने जातो. आधी टी-कॉनवर वीज येते का? बहुतेक टीव्हींत १२ व्होल्ट, काही लहान टीव्हींत ५. येत असेल तर बोर्डच्या तोंडाशी असलेला तांदळाच्या दाण्याहून लहान फ्यूज मल्टिमीटरच्या बझरवर तपासायचा. फ्यूज उडाला असेल तर नुसती तार टाकून जोडू नये. तो उडाला म्हणजे बहुधा पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तो सापडल्याशिवाय जोडलेला फ्यूज पुढचा बोर्ड जाळतो. फ्यूज ठीक असेल तर टी-कॉनने तयार केलेली व्होल्टेजे पाहायची. व्हीजीएच साधारण २५ ते ३० व्होल्टच्या आसपास, व्हीजीएल उणे ६ ते १०, आणि एव्हीडीडी पंधरा-सोळा. पॅनेलप्रमाणे हे आकडे बदलतात. ही सगळीच व्होल्टेजे पडलेली असतील तर बहुधा पुढे काचेच्या बाजूला कुणीतरी ती खाली ओढत आहे.

ते कोण, हे शोधण्याची एक जुनी, भरवशाची युक्ती आहे. टी-कॉनकडून काचेकडे दोन फ्लॅट केबली जात असतील, तर प्लग काढून त्यांतली एक सोडवायची, मग टीव्ही लावायचा. अर्ध्या पडद्यावर चित्र आले, तर टी-कॉन आणि मदरबोर्ड दोन्ही शाबूत, आणि शॉर्ट सोडवलेल्या बाजूच्या काचेत. नाही आले तर पुन्हा प्लग काढून दुसरी केबल सोडवून पाहायचे. दोन्ही वेळा अंधारच राहिला तर संशय टी-कॉनवर किंवा त्याआधीच्या भागावर जातो. काचेच्या कडेच्या बोर्डवर छोटे कपॅसिटर असतात. त्यांतला एखादा शॉर्ट असेल तर तो काढून चित्र परत येते, आणि हे काम हजार-पाचशेत होण्यासारखे असते. फीतच गेली असेल तर ती काचेला चिकटवणारे बाँडिंग मशीन लागते. ते सगळीकडे नसते, आणि जिथे असते तिथेही निकालाची हमी कोणी देत नाही.

चित्र आले, पण ठिकठिकाणी पांढरे गोल ठिपके दिसतात, ही मधलीच अवस्था. एलईडीवरची भिंगाची टोपी उष्णतेने सुटून खाली पडली की असा ठिपका उमटतो. पट्ट्या बदलताना जुनी सुटलेली भिंगे तबकातच राहिली तर ती शीटवर सावली पाडतात. काचेमागे पारदर्शक शीटचे थर असतात: आधी जाड डिफ्यूझर, त्यावर पातळ शीट. त्यांचा क्रम किंवा बाजू उलटली तर चित्र धुरकट किंवा पट्ट्यापट्ट्यांचे दिसते. धुळ्या-जळगावच्या रस्त्याकडेच्या दुकानात, पंख्याखाली पॅनेल उघडले तर शीटच्या मध्ये धूळ अडकते आणि ती परत काढायची म्हणजे पुन्हा सगळे उघडायचे. बंद खोली, बंद पंखा, स्वच्छ चादर घातलेले टेबल, काच उचलायला सक्शन कप आणि चार हात, एवढी तयारी असेल तर अर्धे धोके तिथेच टळतात. टेबलावर ही तयारी दिसते का, हे टीव्ही टाकतानाच पाहून घ्यावे.

घरच्यांनी कितपत हात घालावा? टॉर्च, मेनू, पाठीमागून डोकावणे, इथपर्यंत. मागचे झाकण काढू नये. प्लग काढल्यावरही पॉवर बोर्डच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात, आणि मोठ्या टीव्हीत बॅकलाइटच्या वायरींवरही शंभरावर व्होल्ट असतात. आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या भाच्याने उत्साह दाखवला, तरी आधी ‘मीटरने कपॅसिटर तपासलास का?’ एवढे विचारावे.

प्रवास हा यातला विसरला जाणारा भाग. साक्री, शिरपूर, चोपडा, रावेरकडून लोक टीव्ही दुरुस्तीला शहरात आणतात आणि परतताना मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये, किंवा गाडीच्या मागच्या सीटवर आडवा टाकून नेतात. पॅनेल नुकतेच उघडून बंद केलेले असते. आडव्या टीव्हीची काच खड्ड्यागणिक मधोमध दबते. टीव्ही नेहमी उभा न्यावा, पडद्यावर पुठ्ठा, त्यावर ब्लँकेट, दोर पडद्यावरून नको, कडांवरून. धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव हा पट्टा नव्वदेक किलोमीटरचा. तेवढा वेळ कोणीतरी शेजारी बसून धरलेला असला तर बरे.

दुरुस्तीला देताना दोन गोष्टी सांगायच्या नसतात, करायच्या असतात. टॉर्चखाली दिसणाऱ्या चित्राचा मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा, आणि पावतीवर ‘काच शाबूत, टॉर्चखाली चित्र दिसते’ असे लिहून घ्यावे. टीव्ही परत घेताना जुन्या पट्ट्या मागून घ्याव्यात. पॅनेल उघडण्यात धोका असतो, हे आधीच तोंडावर सांगणारा कारागीर प्रामाणिक समजावा. तो अंग काढून घेत नाही, खरे तेच सांगतो. मात्र पावती नाही, जुने भाग नाहीत आणि जबाबदारीही नाही, असे तिन्ही नकार एकत्र आले तर दुकान बदलावे. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवाच आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. अधिकृत सेवा केंद्रे आणि सुट्या भागांची माहिती शोधायला केंद्र सरकारचे ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल डिसेंबर २०२२ पासून सुरू आहे.

टीव्ही ताब्यात घेताना दुकानातच अर्धा तास चालू ठेवावा. गार असताना पेटलेली पट्टी तापल्यावर विझते, ती घरी जाऊन कळण्यापेक्षा तिथेच कळलेली बरी. मोबाइल जोडून एक पूर्ण पांढरे आणि एक पूर्ण काळे चित्र लावावे. पांढऱ्यावर ठिपके, सावल्या, धूळ दिसते. काळ्यावर कडेने गळणारा उजेड. मग तिथल्या तिथे बॅकलाइट साठ-सत्तरवर आणून ठेवावी. काही कारागीर ड्रायव्हरवरचा एखादा रेझिस्टर काढून पट्ट्यांचा करंटच थोडा कमी करून देतात. उजेड किंचित उतरतो, पण पट्ट्या थंड राहतात. खानदेशातल्या घरासाठी हा सौदा बहुधा फायद्याचा.

आणि काच खरोखरच गेली असेल तर हिशेब वेगळा. टीव्हीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा काचेचा असतो, म्हणून नवे पॅनेल बसवण्यापेक्षा नवा टीव्ही घेणे बहुतेकदा परवडते. तरी जुना भंगारवाल्याला किलोवर देऊ नये. त्याचा मदरबोर्ड, पॉवर बोर्ड, नव्या बसवलेल्या पट्ट्या, स्पीकर हे सगळे बहुधा चालू स्थितीत असते, आणि त्याच मॉडेलचा दुसरा टीव्ही ज्याच्या टेबलावर अडून पडला आहे त्या कारागिराला ते हवेच असते. मागच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक लिहून दोन-तीन दुकानांत भाव विचारावा. उरलेला सांगाडा ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत टीव्ही येतोच.